रुग्णासोबत कोण

२ फेब्रुवारी

नापास. कागदावर "पुन्हा सादर करावे" असं गोड लिहिलंय, पण झाकायचं काय त्यात, नापास म्हणजे नापास. वर्गात आम्ही बाराजण, त्यातले अकरा पुढे गेले. सगळे माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान. आणि मी, छापखान्यात चौदा वर्षं पानं लावून, अडतिसाव्या वर्षी नोकरीवर लाथ मारून ग्राफिक डिझाइनच्या मास्टर्सला बसलेली शहाणी, मी मागे राहिले. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला तर हौस चांगलीच भोवली.

माझा विषय साधा आहे. हॉस्पिटलात दाखल होताना भरायचा फॉर्म. आहे तो भयंकर असतो, दाटीवाटीचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा. तो मी नव्याने मांडला. तीन महिने अक्षरांच्या जाडीवरून आणि रेषांमधल्या अंतरावरून जीव काढला. आज भिंतीवर लावला तर माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, "सुंदर आहे गं. पण हा कुणी भरून बघितलाय का?"

कुणीच नाही. तीन महिन्यांत एकाही जिवंत माणसाच्या हातात दिला नव्हता. स्वयंपाक करून मी आपली वासच घेत बसले होते.

बाईंच्या हातात कायम स्टीलची पट्टी असते, म्हणून पोरं त्यांना पट्टीबाई म्हणतात. पट्टी टेबलावर आपटून म्हणाल्या, "२६ मार्चला बाहेरचे परीक्षक येतील. तेव्हा नाही जमलं तर पदवी विसर."

खोलीवर आल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकून झालं.

५ फेब्रुवारी

चाचणीचा नियम पट्टीबाईंनी आज तीनदा सांगितला. माणूस फॉर्म भरत असताना शेजारी बसायचं, घड्याळ लावायचं, कुठे अडतो ते टिपायचं. पण बोलायचं नाही. अडला तरी नाही, चुकला तरी नाही. "तू तोंड उघडलंस की चाचणी मेली. हॉस्पिटलात तू काही त्याच्या शेजारी बसलेली नसणार."

मी आणि गप्प! आई म्हणायचीच, हिच्या जिभेला हाड नाही. वर्गातल्या टिंबने उपाय सांगितला. (ही पोरगी प्रत्येक चित्रात एक तरी टिंब काढते, म्हणून टिंब.) "ताई, पेनाचं टोपण दातात धर." दोन चाचण्या त्यावरच निभावल्या. टोपणाचा चावून चोथा झालाय.

८ फेब्रुवारी, रविवार

सहा माणसं झाली. शिंपी, दोन शिक्षिका, रिक्षावाला, टिंबची मावशी, वाचनालयातले गृहस्थ. सगळे कुठे ना कुठे अडले, पण भरला सगळ्यांनी.

सातवे म्हणून आज बाबांना बसवलं. बसने घरी जायला चाळीस मिनिटं लागतात, तरी आई गेल्यापासून दोन वर्षांत माझे रविवार चुकायला लागलेत ते लागलेतच. आज कामाच्या निमित्ताने का होईना, गेले. बाबा खूश झाले. टेबल पुसून, चष्मा पुसून बसले. तेहतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसून लोकांचे फॉर्म भरून दिले या माणसाने. त्यांच्यापुढे फॉर्म ठेवायचा म्हणजे हलवायाला लाडू वळायला सांगण्यातला प्रकार.

"समजा, उद्या तुमचं ऑपरेशन आहे," मी म्हटलं.

"उद्या?"

"समजा हो, बाबा!"

नाव, पत्ता, वय, सगळं मोत्यासारखं. मग सहावा रकाना आला, "रुग्णासोबत कोण". नाव, नातं, फोन. तिथे पेन थांबलं. मी घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट गेलं. मी टोपण चावतेय. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि सरळ सातव्या रकान्यावर गेले. सहावा कोरा!

संपल्यावर विचारलं तर म्हणाले, "हो का? दिसला नाही."

टपाल कचेरीतल्या माणसाला रकाना दिसत नाही म्हणजे चूक माझ्याच मांडणीत आहे. डोकं भणभणलंय, पण आनंदही झालाय. एक खरा दोष सापडला.

निघताना त्यांनी विचारलं, "परीक्षा सव्वीसला ना?" कॅलेंडरच्या मार्चच्या पानावर सत्तावीस तारखेभोवती गोल केलेला दिसला. गॅसचा नंबर लावला असेल.

१५ फेब्रुवारी

रकाना मोठा केला, डावीकडे आणला, वरची ओळ जाड केली. आंधळ्यालाही दिसेल असा. बाबांनी पुन्हा कोरा ठेवला.

"चुकून राहिला गं."

मला असा संताप आला की काय सांगू. तोही त्यांच्यावर नाही, स्वतःवर. त्यांच्यावरही थोडा. येताना जिन्यात भेटले होते, भाजीची पिशवी घेऊन. प्रत्येक मजल्यावर थांबून विजेचे मीटर वाचत होते. रिटायर झालेल्या माणसाला वाचायला काहीही चालतं. मी पिशवी घेऊन पुढे गेले, दार उघडून, पंखा लावून, फॉर्म मांडून बसले तरी यांचा पत्ता नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू निघताना गाठून म्हणाल्या, "बाबांकडे लक्ष असू दे गं बाई." काकूंना उभ्या इमारतीच्या भांड्यात चमचा घालायची सवय आहे. "आहे हो काकू," म्हणून सुटले. बस चुकलीच.

२० फेब्रुवारी

चौदा माणसांचे फॉर्म भिंतीवर लावले. सहावा रकाना तेराजणांनी भरलाय. पट्टीबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"कोरा ठेवणारा एकच?"

"हो, पण मॅडम, तो एक शंभरांना भारी आहे. उभा जन्म फॉर्म भरण्यात गेलाय. त्यांना अडतंय म्हणजे नक्की काहीतरी गंडलंय."

"त्यांना विचारलंस?"

"दिसला नाही म्हणतात. मग म्हणाले, चुकून राहिला."

"पुन्हा विचार," एवढंच म्हणाल्या आणि टिंबच्या टिंबांकडे वळल्या.

विचारायचं काय त्यात? सांगितलंय की त्यांनी. मी सहाव्या रकान्याला फिकट पिवळा रंग देऊन बघणार आहे.

१ मार्च

पिवळाही गेला पाण्यात. तिसऱ्यांदा कोरा. चाचणी संपल्या संपल्या मी टोपण थुंकलं आणि बाबांवर चक्क ओरडले. "अहो, पिवळाजर्द आहे तो! तुम्ही मुद्दाम करताय का?"

बाबांनी फॉर्मची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, "मला एक सांग. सोबत कुणीच नसलं, तर दाखल करून घेतात का?"

मी खुर्चीतून उडालेच! हेच ते! इतके दिवस मी रकान्याचा रंग बदलतेय, जागा बदलतेय, आणि रकान्यात उत्तरालाच जागा नाही. ज्याला कुणी नाही त्याने काय लिहायचं? तो बिचारा कोरा ठेवून पुढे जाणार. बाबांनी किती खोलात जाऊन विचार केला बघा. दुसऱ्याच्या जागी उभं राहून. तेहतीस वर्षांत खिडकीपुढे असे किती एकटे जीव येऊन गेले असतील. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही डिझाइनर व्हायला हवं होतंत!" हसले.

तेवढ्यात दादाचा फोन आला, परदेशातून, दर रविवारी येतो तसा. बाबा त्याला सांगत होते, "मी झकास. हिची परीक्षा जवळ आलीय, तिला मध्ये कशाला त्रास." मला बरं वाटलं. या घरात माझ्या शिक्षणाला एवढी किंमत कुणी दिली नव्हती.

४ मार्च

रकान्याखाली आता एक छोटा चौकोन आहे. शेजारी लिहिलंय, "सोबत कोणी नाही". खूण करायची की झालं.

पट्टीबाईंनी पट्टी खाली ठेवली. खरंच ठेवली, टिंब साक्षीला आहे. म्हणाल्या, "अख्ख्या फॉर्ममधली ही सगळ्यात शहाणी जागा."

सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

८ मार्च

बाबांनी खूण केली! पाच सेकंदांत! सहाव्या रकान्यावर आले, चौकोन बघितला, खूण केली, पुढे गेले. मी नियम मोडून टाळ्या वाजवल्या. तक्त्यात सातव्या माणसापुढे लिहून टाकलं, "अडचण दूर".

फॉर्म हातात धरायला लावून त्यांचा फोटो काढला, अहवालात घालायला. "जमलं ना तुझं?" म्हणाले. "जमलं!" "मग झालं. मोठं काम झालं."

फोटोत पट्ट्याचं टोक लोंबताना दिसतंय. घरीच खिळा ठोकून दोन नवी भोकं पाडलीत. चालायला जात असावेत, वजन चांगलं उतरलंय. मी मात्र टेबलापाशी बसून बसून फुगत चाललेय.

२२ मार्च

मागचा रविवारही चुकला, हाही. अहवालाची पानं संपता संपत नाहीत. फोन केला तर बाबा म्हणाले, "शुक्रवारपासून आठवडाभर जुन्या मित्राकडे जाऊन येतो. फोन लागला नाही तर जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तिकडे रेंज नसते."

"कुठला मित्र?"

"तुला नाही माहीत. कचेरीतला."

बरं झालं, त्यांनाही बदल. "मजा करा," म्हटलं. "तू नीट बोल हो परीक्षेत," म्हणाले. "भरभर बोलू नकोस. लोकांना कळत नाही मग."

२६ मार्च

पास. पास, पास, पास.

तरी बसवत नाहीये. काय झालं ते लिहून काढते, म्हणजे डोकं थांबेल.

बाहेरचे परीक्षक म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, हळू बोलणारे. भिंतीसमोरून दोनदा फिरले आणि त्या चौकोनापाशी थांबले. "हे कसं सुचलं?" मी सातव्या माणसाची सगळी हकिगत सांगितली, रंगवून. तीनदा कोरा, मग प्रश्न, मग खूण. पट्टीबाई मान हलवत होत्या.

"हे गृहस्थ कोण?"

"माझे वडील, सर."

"त्यांना आणखी कुणी नाही?"

"आहे की! मी आहे. भाऊ आहे, परदेशात असतो. ही चाचणी होती ना, सर. समजा उद्या ऑपरेशन आहे, असं."

"हं. बाकीच्या तेरांनाही समजाच सांगितलं होतंत?"

"हो."

"त्यांनी काय लिहिलं?"

मी भिंतीकडे बघितलं. बायको. मुलगा. मुलगा. नवरा. सून. बहीण. सगळ्यांनी खऱ्या माणसांची खरी नावं लिहिली होती. "समजा" म्हटलं म्हणून कुणी एकटं झालं नव्हतं.

"नातेवाईकच लिहिले, सर," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पानाकडे गेले. सही केली. म्हणाले, अंतिम अहवाल आठ दिवसांत द्या. टिंबने मला उचलायचा प्रयत्न केला, दोघी पडलो.

बाबांना फोन केला. "पास झाले!" म्हणाले, "तुझ्या आईला कळायला हवं होतं." आणि ठेवला.

जीव थाऱ्यावर नाही. मित्राकडे जायच्या आधी उद्या सकाळी त्यांना गाठतेच. कोण मित्र, तेही बघते.

२७ मार्च

दाराला कुलूप. साडेनऊलाच.

वरच्या काकू जिना उतरून आल्या. हातात आमच्या घराची किल्ली. माझ्याकडे बघून आधी त्यांना आनंद झाला, "आलीस होय! बरं झालं बाई. माझा जीव नुसता वरखाली होत होता. एकटेच गेले रिक्षाने." मग माझा चेहरा बघून त्यांचा उतरला. "तुला माहीत नाही?"

उद्या सकाळी बायपास. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, लवकर करा म्हणून. बाबांनी त्यांच्याकडून दाखल व्हायला सत्तावीस मार्च मागून घेतली. डॉक्टर चिडले म्हणे. हे म्हणाले, आधी नाही जमणार, घरात परीक्षा आहे. काकूंना आईची शपथ घालून गप्प बसवलं होतं. मीटर वाचायला थांबत नव्हते ते. त्यांना दम लागत होता.

पळत जाऊन रिक्षा पकडली. सात आठवडे मी या माणसाच्या शेजारी घड्याळ लावून बसले होते. सेकंद मोजले. त्यांच्याकडे नाही बघितलं, कागदाकडे बघितलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, आणि तेवढीच त्यांच्याही, देवा क्षमा कर.

हॉस्पिटलच्या काउंटरवर नाव सांगितलं तर तिथली बाई म्हणाली, "कुणीतरी आलं एकदाचं! अहो, हा फॉर्म बघा. मी सकाळपासून त्यांना सांगतेय, असं चालत नाही, कुणाचं तरी नाव लागतं."

तोच जुना फॉर्म. मुंगीएवढी अक्षरं. "रुग्णासोबत कोण" हा रकाना बोटभर. त्याच्याखाली बाबांनी पट्टी लावून काढावा तसा एक सुबक चौकोन काढला होता. शेजारी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, सोबत कोणी नाही. आणि चौकोनात खूण.

मी काउंटरपाशीच रडले. मागे रांग होती. असू दे.

बाबा वॉर्डात खिडकीशी बसले होते, हॉस्पिटलच्या ढगळ कपड्यांत. मला बघून चोरी पकडल्यासारखे उठायला लागले.

"बसा!" मी ओरडले. सिस्टरने वळून बघितलं. "हे काय आहे? कोणी नाही? मी मेलेय का?"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! जानेवारीपासून! मधल्या मध्ये काही झालं असतं तर?"

"सांगितलं असतं तर तू परीक्षा सोडून आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच." पाण्याचा पेला सरकवून दिला मला. ऑपरेशन त्यांचं, आणि पाणी मला. "लिहिणार काय होतो मी? तुझं नाव लिहिलं की हे लोक तुला फोन लावणार. दादाचं लिहिलं तर तो मिळेल ते विमान धरणार. खोटं लिहायची मला सवय नाही. म्हणून कोरा ठेवायचो. मग तूच सोय करून दिलीस."

सोय करून दिली मी. टाळ्याही वाजवल्या.

नंतर त्यांचा हात हातात घेतला तर त्यांनी काढून नाही घेतला. केवढा हलका झालाय.

२८ मार्च

आज सकाळी काउंटरवरची बाई तोच फॉर्म घेऊन आली, दुरुस्त करा म्हणाली. मी पेन काढलं तर बाबांनी मागून घेतलं. "रुग्ण मी आहे. मी भरतो."

चौकोनावर आडवी रेघ मारली. त्या रेघेशेजारी बारीक सही केली. "खाडाखोड केली की बाजूला सही लागते," मला समजावून सांगितलं, जसं काही मी खिडकीपुढे उभी आहे. मग वरच्या बोटभर रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. नातं, मुलगी. फोन नंबर न विचारता, न अडता लिहिला, दहाच्या दहा अंक. त्यांना स्वतःचा नंबर पाठ नाही, डायरी काढून बघावा लागतो.

"दादाला कळवलंस?"

"काल रात्रीच. निघालाय."

"कशाला उगाच," म्हणाले, पण रागावले नाहीत. साडेआठला आत नेलं. आत जाताना हात वर करून दाखवला, बस सुटताना दाखवतात तसा.

मी इथे बाकावर. काकू आल्यात, पोथी वाचतायत मनातल्या मनात, ओठ हलतायत. आजपर्यंत त्यांना इतकं बोलले, आता त्यांचा पदर सोडवत नाही. दर पाच मिनिटांनी उठून दारापर्यंत जाते आणि परत येते. भीती वाटतेय. नुसती भीती.

संध्याकाळ

सव्वादोनला डॉक्टर बाहेर आले. झालं व्यवस्थित. अजून शुद्धीवर नाहीत, रात्री लांबून बघू देतील. जानेवारीत झालं असतं तर आणखी सोपं गेलं असतं, म्हणाले. ऐकून घेतलं.

पट्टीबाईंचा फोन आला, अहवाल केव्हा देतेस. मी म्हटलं, "मॅडम, सातव्या माणसाचं मी चुकीचं लिहिलंय. चारही वेळा. चौकोन त्यांच्यासाठी नव्हताच." आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता पास केलेलं काढून घेतात.

"चौकोन राहू दे," म्हणाल्या. "ज्यांना खरंच कुणी नाही, त्यांना लागेल. तुझा तक्ता दुरुस्त कर."

"काय लिहू?"

"जे झालं ते लिही. आणि आधी काहीतरी खाऊन घे."

बाकावर लॅपटॉप उघडला. तक्त्यात माणूस क्रमांक सात, रकाना कोरा ठेवण्याचं कारण. पहिल्या चाचणीपुढे होतं, दिसला नाही. दुसऱ्या, चुकून राहिला. तिसऱ्या, उत्तराला जागा नाही. चौथ्या, अडचण दूर. चारही ओळी खोडल्या आणि चारही ठिकाणी एकच लिहिलं.

मुलीची परीक्षा होती.